अनुभव धागा : इंडियन सुपर लीगचा दुसरा हंगाम, २०१५

इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा दुसरा हंगाम ३ ऑक्टोबर ते २० डिसेंबर २०१५ या काळात आठ संघांमध्ये खेळला गेला. मुंबई, पुणे आणि गोवा असे आपल्या परिसरातले तीन संघ त्यात होते आणि अंतिम सामनाही मडगावच्या फातोर्डा मैदानावर झाला. देशाची अधिकृत अव्वल लीग त्या वेळी आय-लीगच होती, त्यामुळे या नव्या स्पर्धेला मनापासून आपले म्हणावे की नाही, याबद्दल जुन्या फुटबॉलप्रेमींच्या मनात अढी होती. ज्यांनी तो हंगाम प्रत्यक्ष मैदानावर पाहिला, त्यांनी आपापले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे. निकाल सर्वांना ठाऊक आहेत. प्रेक्षकांत बसून जे दिसले आणि जाणवले, ते वाचण्याची उत्सुकता आहे.

नेरूळ, नवी मुंबई

डी. वाय. पाटील मैदान मुळात क्रिकेटचे असल्यामुळे प्रेक्षक आणि फुटबॉलचा खेळ यांत बरेच अंतर पडते आणि लांबच्या कोपऱ्यातली झटापट नीट दिसत नाही. तरीही २८ ऑक्टोबरची संध्याकाळ विसरता येणार नाही. नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध मुंबईच्या सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि या लीगमध्ये भारतीय खेळाडूने केलेली ती पहिली हॅटट्रिक ठरली. मुंबई संघातला फ्रान्सचा नामवंत खेळाडू निकोला आनेल्का याचे नाव ऐकून आलेली शाळकरी मुले परतताना छेत्रीबद्दल बोलत होती. माझ्या मते मुंबईच्या त्या हंगामात जपून ठेवावी अशी हीच एक गोष्ट होती, कारण पुढे नोव्हेंबरमध्ये फातोर्ड्यावर गोव्याने आमचा ७-० असा धुव्वा उडवला.

फोंडा, गोवा

नेरूळच्या सदस्यांनी ज्या ७-० चा उल्लेख केला, तो १७ नोव्हेंबरचा सामना मी पाहिला आहे. गोव्याच्या डुडू आणि हाओकिप या दोघांनीही त्यात तीन-तीन गोल केले. पण मला लिहायचे आहे ते २० डिसेंबरच्या, गोवा आणि चेन्नईयिन यांच्यातल्या अंतिम सामन्याबद्दल.

गोव्याने साखळीत २५ गुण मिळवून पहिला क्रमांक पटकावला होता आणि उपांत्य फेरीत दिल्लीविरुद्ध पहिला सामना गमावूनही घरच्या मैदानावर ३-० ने बाजी उलटवली होती. प्रशिक्षक झिको यांच्याबद्दल आमच्याकडे घराघरात आदर होता. संघनायक लुसियो ब्राझीलचा विश्वविजेता असला, तरी आमच्या रांगेतली माणसे हाका मारत होती त्या मंदार राव देसाई आणि लक्ष्मीकांत कट्टीमनी यांना, कारण ही मुले गोव्याच्या मैदानांवर खेळत मोठी झालेली त्यांनी पाहिली होती.

चेन्नईला पेनल्टी मिळाली तेव्हा कट्टीमनीने ती अडवली, पण परतलेल्या चेंडूवर पेलिसारीने गोल केला. चारच मिनिटांत हाओकिपने बरोबरी साधली. त्यानंतर चेन्नईला पुन्हा पेनल्टी मिळाली आणि कट्टीमनीने तीही अडवली. माझ्या शेजारी बसलेले वृद्ध गृहस्थ तोपर्यंत एक शब्दही बोलले नव्हते. ते उभे राहिले आणि टाळ्या वाजवता वाजवता त्यांना हुंदका आवरेना. ८७व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलने गोवा २-१ असा पुढे गेला, तेव्हा लोक अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते.

पुढच्या पाच मिनिटांत सगळे उलटले. ९०व्या मिनिटाला चेंडू कट्टीमनीकडून आपल्याच जाळ्यात गेला आणि भरपाई वेळेत मेंडोझाने चेन्नईचा तिसरा गोल केला. बाहेर पडताना काही जण कट्टीमनीला दोष देत होते, ते मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. दोन पेनल्ट्या अडवणाऱ्या गोलरक्षकामुळेच तर आपण शेवटपर्यंत सामन्यात होतो. त्या गृहस्थांनी जिना उतरताना हेच एका तरुणाला शांतपणे पण ठामपणे ऐकवले आणि तो तरुण गप्प झाला.

बाणेर, पुणे

पुणे सिटीने मुंबईला ३-१ ने हरवून बालेवाडीत सुरुवात तर झोकात केली, पण पुढे संघ ढेपाळला आणि सातव्या क्रमांकावर राहिला. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

बालेवाडीतला माझा खरा अनुभव १२ डिसेंबरचा आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला चेन्नईत महापूर आला आणि चेन्नईयिनचा कोलकात्याविरुद्धचा उपांत्य सामना तिथे घेणे अशक्य झाले, म्हणून तो पुण्यात हलवण्यात आला. यजमान संघ चेन्नईचा, मैदान आमचे, असा तो विलक्षण सामना होता. माझ्या आसपास पुण्यात नोकरी करणारी तमिळ मंडळी बसली होती. त्यांच्यातल्या एका मुलीचे आईवडील पुरात अडकले होते आणि दोन दिवसांपूर्वीच त्यांच्याशी फोन लागला होता, असे तिने मध्यंतरात सांगितले. आमच्या बाजूला गर्दी विरळ असल्यामुळे खेळाडूंचे एकमेकांना ओरडणे आणि चेंडूवर बसणारा पायाचा ठोका स्वच्छ ऐकू येत होता. चेन्नईने ३-० असा विजय मिळवला. तिसऱ्या गोलनंतर आम्ही पुणेकरही त्यांच्याबरोबर घोषणा देत होतो. शब्द नीट उच्चारता येत नव्हते, तरी त्या मुलीने ते दोनदा म्हणून दाखवले. फोंड्याच्या सदस्यांचे दुःख मी समजू शकतो, पण अंतिम सामन्यात माझे मन चेन्नईच्या बाजूने होते, हे येथे प्रांजळपणे नोंदवतो.

चेन्नई

बाणेरच्या सदस्यांचे मनःपूर्वक आभार. आम्ही मराठी कुटुंब बरीच वर्षे येथे राहतो. पुराच्या त्या दिवसांत वीज नव्हती आणि फुटबॉलचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. मोसमाच्या मध्याला तळाशी असलेला हा संघ साखळीतले शेवटचे चार सामने सलग जिंकून वर आला, हे मला पुण्यातल्या नातेवाइकांकडून कळले. अंतिम सामना मात्र शेजाऱ्यांच्या घरी सर्वांनी मिळून पाहिला. त्या घराच्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून ओली होती.

कोल्हापूर

मी या हंगामातला एकही सामना मैदानावर पाहिला नाही, तरीही लिहितो. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे, म्हणजे पेठांतल्या संघांचे, सामने भरगच्च गर्दीत होतात आणि पेठापेठांमधली ईर्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. फोंड्याच्या सदस्यांनी सांगितलेली ती ओढ, म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत मोठ्या झालेल्या मुलाला हाक मारण्याची, आम्हाला चांगली ठाऊक आहे. त्या वर्षी दूरचित्रवाणीवर सामने पाहताना आमच्या तालमीतली मुले प्रत्येक संघाच्या यादीत कोल्हापूरचे नाव शोधत असत. मुंबई आणि पुणे असे दोन संघ राज्यात असताना त्यांचे निवड करणारे लोक शाहू स्टेडियमवर किती वेळा येऊन बसले, हा आमच्या मुलांचा तेव्हाचा प्रश्न होता. त्या संघांशी संबंधित कोणी हा धागा वाचत असेल, तर त्यांनी उत्तर जरूर लिहावे.