पिनरचा हाय स्ट्रीट: तुमच्या आठवणी लिहा

लंडनच्या वायव्येला मेट्रोपॉलिटन लाइनवर पिनर लागतं. रेल्वे आली १८८५ साली, आणि हळूहळू शेतांच्या जागी घरं उभी राहिली. तरी चर्चकडे चढत जाणाऱ्या त्या एका रस्त्याला इथली जुनी माणसं अजून 'व्हिलेज'च म्हणतात. हॅरोच्या आसपास आपली बरीच मराठी घरं आहेत. तुमचा या रस्त्याशी कधी संबंध आला असेल तर जरूर लिहा, चार ओळी असल्या तरी चालतील. सुरुवात मी करते.

आमचं पहिलं बिऱ्हाड तिथे, एका दुकानाच्या वर होतं. मेअखेरच्या बँक हॉलिडेनंतरच्या मंगळवारी संध्याकाळी अचानक रस्ता बंद झाला आणि ट्रक यायला लागले. रात्रभर ठोकाठोक. बुधवारी सकाळी पडदा सारला, तर पाळण्याची रिकामी खुर्ची खिडकीपासून हातभर अंतरावर, तिच्यावर दव साचलेलं! ही पिनरची जत्रा. तिची सनद तिसऱ्या एडवर्ड राजाने १३३६ साली दिली. आपल्याकडे बहमनी राज्य स्थापन व्हायला तेव्हा अजून ११ वर्षं होती. गुरुवारी उठले तर रस्ता झाडून लख्ख.



माझ्या सासूबाई जेजुरीजवळच्या. जत्रा म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "देव कुठला?" मी वर बोट दाखवलं: सेंट जॉन द बॅप्टिस्ट, १३२१ सालचं चर्च. मूळ सनदेतली जत्रा त्याच संताच्या सणाची. मग काय, पाळणे राहिले बाजूला. आधी चढ चढून वर गेलो. दाराशी त्यांनी चपला काढल्या. भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, "अगं, ह्या तर गारगोट्या!" खरंच, सगळं बांधकाम गारगोटीचं आहे. मी कित्येक वर्षं तिथून जात होते, पण भिंतीला कधी हात लावला नव्हता. खाली आल्यावर त्यांनी नातवासाठी भिरभिरं घेतलं. सासूबाई आता नाहीत. दर जत्रेला मी आधी वर जाते.



चर्चच्या आवारातली ती उंच, निमुळती समाधी कोणी पाहिली आहे का? मधूनच दगडी शवपेटी बाहेर आल्यासारखी दिसते. बागांवर लिहिणारे जॉन क्लॉडियस लाउडन यांनी आई-वडिलांसाठी ती बांधली. आई-वडील जमिनीच्या वर असतील तोवरच इस्टेट घराण्यात राहील, अशी दंतकथा शाळेत आम्ही एकमेकांना सांगायचो. प्रत्यक्षात दोघांना खालीच पुरलं आहे. हे कळलं तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि खूप हिरमुसले होते.



बाबा किर्लोस्करवाडीत फिटर होते. इकडे आले की दोन दिवसांत कंटाळायचे. २०१६ मध्ये पार्कात हीथ रॉबिन्सन म्युझियम उघडलं, तिथे त्यांना नेलं. हा चित्रकार पूर्वी पिनरमध्येच राहायचा. कप्प्या, गाठी मारलेल्या दोऱ्या आणि त्यांवर चालणारी अजब यंत्रं, अशी त्याची चित्रं. बाबा एकेका चित्रासमोर दोरी बोटाने हवेत गिरवत उभे. "चालेल हे," म्हणाले, "फक्त ही गाठ निसटेल." त्या दिवसापासून ते रोज एकटेच चालत व्हिलेजमध्ये जाऊ लागले.



थोडं वेगळं मत मांडतो. लाकडी सांगाड्याची काळी-पांढरी घरं सुंदर आहेत, मान्य. पण मी आलो तेव्हा तिथे रोजच्या गरजेचं सामान मिळायचं. आता कॉफी पिण्यापलीकडे काम निघत नाही. गावाच्या मध्यभागी गावकऱ्याला काही काम असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.



इतिहासाची आवड असणाऱ्यांनी जवळच्या पेन्स लेन दफनभूमीतही जावं. ॲडमिरल नेल्सनची मुलगी होरेशिया तिथे आहे. १८८१ साली ती पिनरमध्येच गेली.



आम्ही नवीन आहोत, मुलगी चार वर्षांची. जत्रा शनिवार-रविवारी नसते का?



नाही हो, बुधवारीच. शाळा सुटल्यावर या, पण गाडी आणू नका, रस्ते बंद असतात. स्टेशनच्या पायऱ्या उतरतानाच आवाज ऐकू येईल.