बारला लागून खाली पडलेला चेंडू: गोल द्यायचा की नाही?

सत्तरीकर:
मंडळी, वाड्यावरच्या फुटबॉल स्पर्धेत दर पावसाळ्यात याच एका गोष्टीवरून भांडण पेटतं. चेंडू बारला आतून आपटतो, खाली पडतो आणि उसळून बाहेर येतो. एक बाजू गोल म्हणते, दुसरी नाही म्हणते. मैदान मातीचं, रेषा अर्धी वाहून गेलेली. एक रेफ्री, दोन लायनमन. निकाल कशावरून द्यायचा? कुणाच्या मोबाइलवरचं शूटिंग बघितलं तर चालतं का?

लायनमन_डिचोली:
आधी रेषा बघा, निम्मं भांडण तिथेच असतं. गोलरेषेची रुंदी खांबाएवढीच हवी, जास्तीत जास्त 12 सेंटिमीटर, आणि तिची मागची कड खांबाच्या मागच्या कडेशी जुळायला हवी. गावात 10 सेंटिमीटरचा पाइप असतो आणि 5 सेंटिमीटरची रेषा खांबाच्या पुढच्या कडेशी ओढतात. म्हणजे निकाल 5 सेंटिमीटरने आधीच चुकला. दोन्ही खांबांच्या मागच्या कडांना सुतळी ताणा, तिच्या पुढच्या बाजूला रेषा आखा, हाफटाइमला पुन्हा आखा. कळीचा चुना अजिबात नको, ओल्यात तो डोळे आणि कातडी भाजतो.

आता चेंडू. घेर 68 ते 70 सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण 22. गोल व्हायला अख्खा चेंडू रेषेपलीकडे जायला हवा. म्हणून चिखलात उमटलेल्या ठशाचा मध्य रेषेच्या मागच्या कडेपासून 11 सेंटिमीटरपेक्षा जास्त आत, जाळीकडे असला, तरच टप्पा पडताना चेंडू पूर्ण आत होता. रेषेची पांढरी पूड उडाली की लोक गोल म्हणून ओरडतात. खरं तर तेव्हा चेंडू रेषेवरच असतो. गोलकीपर आत पडला होता की बाहेर, याला काही अर्थ नाही.

लायनमन कुठे उभा होता तेही विचारा. 64 मीटर रुंद मैदानात जवळचा खांब त्याच्यापासून 28 मीटरवर असतो. तो गोलरेषेपासून 8 मीटर अलीकडे अडकला असेल, तर गोलच्या मधोमध मीटरभर आत गेलेला चेंडूही त्याला खांबाच्या अलीकडेच दिसतो. लांबून फटका बसला की त्याने रेषेकडे धावत सुटायलाच हवं. चेंडू आत जाऊन बाहेर आल्याची खात्री असेल तर आधी झेंडा वर, मग सेंटरलाइनच्या दिशेने 25-30 मीटर जोरात धाव. खात्री नसेल तर झेंडा खालीच, खेळ चालू.

पेडणेकर:
मोबाइल नको. मान्यता घेतलेली व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत करणारी व्यवस्था नसेल तर रेफ्रीने व्हिडिओ बघायचाच नाही. शिवाय शूटिंग करणाराही तिरपाच उभा असतो, त्याच्या चित्रालाही तोच दोष. 2022 च्या विश्वचषकात जपान-स्पेन सामन्यात जपानच्या मितोमाने परतवलेला चेंडू बाजूने सरळ बाहेर गेलेला दिसत होता. वरून पाहिल्यावर 2 मिलिमीटरपेक्षाही कमी भाग रेषेवर निघाला आणि जपानचा गोल टिकला.

आइस हॉकीत म्हणूनच एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगच्या गोलवर थेट वरून बघणारा कॅमेरा असतो. पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती, 3 इंचांचा, लाल रेषा 2 इंचांची, आणि पूर्ण पलीकडे जायची अट तीच. तिथे कडक नियम वेगळाच: शिट्टी वाजण्याआधी पक आत गेला, पण रेफ्रीने खेळ थांबवायचं त्याआधीच ठरवलं असेल, तर गोल नाही.

सत्तरीकर:
आणि रेफ्रीने घाईत शिट्टी मारली तर? किंवा कुत्रा मध्ये आला तर? आमच्याकडे येतो.

लायनमन_डिचोली:
चेंडू पूर्ण पलीकडे जाण्याआधीच गोलची शिट्टी वाजली तर गोल नाही. ड्रॉप बॉल, म्हणजे रेफ्री चेंडू हातातून खाली सोडून खेळ पुन्हा सुरू करतो, आणि पेनल्टी एरियात तो गोलकीपरलाच द्यायचा. कुत्र्याने चेंडू अडवला तरी ड्रॉप बॉल. पण कुत्र्याला लागूनही चेंडू आत गेला आणि बचाव करणाऱ्याला खेळायला अडथळा झाला नसेल, तर गोल.

पेडणेकर:
गोल दिल्यावर चूक लक्षात आली तर सेंटरवरून किक होण्याआधीच बोला, सत्तरीकर बाब. खेळ पुन्हा सुरू झाला की तो निर्णय रेफ्रीलाही फिरवता येत नाही. म्हणून किकची शिट्टी मारण्याआधी दोन्ही लायनमनकडे एकदा बघायचंच.