मदत हवी आहे: हिशोबाने ३५ ओहम, मीटरवर ३.२. कॉइल गेली का?

कळंबेकर:
तातडीने सांगा. व्होल्टेज २२८, क्लॅम्प मीटरवर करंट ६.४ अँपिअर. भागाकार केला की ३५.६ ओहम. सप्लाय काढून मल्टीमीटर लावला तर फक्त ३.२. गुणाकार १४५९ वॅट, प्लेटवर ७४६ वॅट. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कारागीर म्हणतोय कॉइल शॉर्ट आहे, सगळी तार बदला. त्याला उद्या सकाळी सांगायचंय.

पंचगंगाकाठ:
कसली कॉइल? गिझर, शेगडी, काय?

रंकाळ्याचा_वारा:
गिझर असेल तर सोपं आहे. २३० व्होल्टला २००० वॅटची कॉइल ८.७ अँपिअर घेते, रेझिस्टन्स २६.४५ ओहम. आमच्याकडं संध्याकाळी २०० व्होल्ट येतात. २०० चा वर्ग भागिले २६.४५ म्हणजे १५१२ वॅटच मिळतात. स्टॅबिलायझर घ्या, मी घेतलाय.

कळंबेकर:
गिझर कुठं म्हटलं मी? बोअरची मोटार आहे, एक एचपी, सिंगल फेज. स्टॅबिलायझर नकोय.

तारतंत्री:
मोटार हे आधी सांगायला हवं होतं. भागाकारानं आला तो नुसता रेझिस्टन्स नाही, इम्पिडन्स आहे, म्हणजे एसीवरचा एकूण अडथळा. मल्टीमीटर बॅटरीवर, म्हणजे डीसीवर मोजतो. त्याला फक्त तांब्याचा अडथळा दिसतो. एसीवर कॉइलचं चुंबकत्व आणि फिरणारा रोटरही करंटला अडवतात. नुसते ३.२ ओहमच अडवत असते तर ७१ अँपिअर ओढले असते आणि एमसीबी पडला असता. तुमची दोन्ही रीडिंग बरोबर असू शकतात.

सुतारगल्ली:
मला पटत नाही. ओहमचा नियम एसीला वेगळा आणि डीसीला वेगळा असतो होय? मल्टीमीटर स्वस्तातला असणार. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून बघा, अर्धा ओहम तिथंच दिसेल.

तारतंत्री:
प्रोबचा अर्धा ओहम वजा करा, बरोबर आहे. पण त्यानं ३.२ चे ३५ होत नाहीत. गिझरला सरळ भागाकार चालतो, मोटारीला नाही.

पंचगंगाकाठ:
आणि वॅटचं काय? दुप्पट का?

तारतंत्री:
७४६ वॅट म्हणजे शाफ्टवर मिळणारी ताकद. १४५९ हे व्होल्ट-अँपिअर झाले. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खऱ्या वॅटचा हिस्सा, ०.८ धरला तर खरे वॅट ११६७. त्यातले ७४६ शाफ्टला मिळाले, म्हणजे कार्यक्षमता ६४ टक्के. या आकाराच्या मोटारीला हे ठीकच आहे. घरगुती मीटर ११६७ वॅटचेच युनिट धरतो, तासाला साधारण १.१७.

शेतकरी_करवीर:
सोलर पंप बसवा, बिलाचा प्रश्नच मिटतो.

कळंबेकर:
सोलरचं विचारलं नाही दादा. तारतंत्री, मग रिवाइंडिंग नको?

तारतंत्री:
पाणी नेहमीसारखं येतंय का? प्लेटवर अँपिअर किती छापलेत?

कळंबेकर:
पाणी नेहमीसारखं. प्लेटवर ७.

तारतंत्री:
६.४ त्याच्या आतच आहे. नुसत्या ३.२ ओहमवरून कॉइल शॉर्ट ठरवू नका. सप्लाय पूर्ण बंद करून, मोटारीच्या तीन वायर पॅनेलमधून सोडवून दोन-दोन मोजा. सगळ्यांत मोठं रीडिंग बाकीच्या दोघांच्या बेरजेइतकं आलं तर तार तुटलेली नाही. मग मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं, बॉडीशी इन्सुलेशन तपासा, एक मेगाओहमच्या खाली गेलं तर काळजी. कारागिराला सांगा, मेगरचं रीडिंग समोर दाखव, मग रिवाइंडिंगचं बोलू.

सुतारगल्ली:
कपॅसिटर बदलून बघा आधी. माझा तोच गेला होता.

पंचगंगाकाठ:
मोटार सुरू होतेय, पाणी चढतंय, मग कपॅसिटर कशाला?

कळंबेकर:
मेगर माझ्याकडं नाही. कळंब्याजवळ कुणाकडं मिळेल का, आजच?