गोल्फ वेजचा लॉफ्ट ठरला, पण बाउन्सचं काय?
गोल्फमध्ये जवळच्या फटक्यांसाठी कुठले वेज (जास्त तिरप्या तोंडाचे क्लब) घ्यावेत, या प्रश्नावर ‘५६ आणि ६० डिग्रीचे वेज घ्या, काम झालं’ असं दोघांनी लिहिलंय. लॉफ्टचं, म्हणजे तोंडाच्या तिरपेपणाचं, ठीक आहे हो, पण बाउन्सबद्दल, म्हणजे क्लबचा तळ पुढच्या धारेच्या खाली किती कोनात उतरतो त्याबद्दल, कोणीच बोललं नाही. माझ्या ६० डिग्रीच्या वेजला बाउन्स जेमतेम ४ डिग्री. मे महिन्यात चेंबूरच्या गोल्फ कोर्सच्या टणक जमिनीवर तो झकास चालायचा. जुलैत तिथल्याच एका ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) कडेला त्याची पुढची धार चिखलात रुतली, बॉल वीतभर हलला आणि चिखल थेट माझी क्लबची पिशवी उचलणाऱ्या कॅडीच्या शर्टावर. (बिचारा हसला, तेवढं बरं.)

ओल्या मातीत किंवा भुसभुशीत वाळूत बाउन्स १० ते १४ असला की क्लबचा तळ न रुतता घसरत पुढे जातो. आता पावसाळ्यात मी १२ बाउन्सचा ५६ डिग्रीचा वेज काढतो, नाहीतर सरळ कमी लॉफ्टच्या पिचिंग वेजने बॉल लोळवतो.