केवळ उपासमारीने क्रांती होते का?

प्रश्न (बाळीवेस, सोलापूर)
मे १९३० मध्ये गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, पोलीस शहर सोडून गेले आणि तीन-चार दिवस सोलापूरचा कारभार लोकांनीच पाहिला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु महागाई, बेकारी आणि जुलूम अनेक देशांत वर्षानुवर्षे असतात. मग उठाव एखाद्याच वेळी का होतो, आणि त्यांतले मोजकेच राज्य का उलथवतात?

उत्तर (जुळे सोलापूर)
भूक हे एकटे कारण पुरत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली, कोलकात्याच्या पदपथांवर प्रेते पडली, तरी सरकार टिकले. उपाशी माणसाचा सारा दिवस मूठभर तांदूळ मिळवण्यातच सरतो. फ्रान्समध्ये मात्र १७८८ चे पीक बुडून पाव महागला, त्याच सुमारास दिवाळखोरीला आलेल्या राजाने प्रतिनिधींची सभा बोलावली आणि गावोगावची गाऱ्हाणी वह्यांत लिहून मागवली. दाद लागेल अशी आशा एकदा निर्माण झाली की तिचा भंग दारिद्र्याहून अधिक झोंबतो, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर (साखर पेठ)
आशाभंगाने उठाव होतो हे मान्य, पण निकाल लागतो तो बंदूक हाती असलेल्या शिपायावर. ८ मार्च १९१७ रोजी रशियाची तेव्हाची राजधानी पेट्रोग्राड इथल्या कापड गिरण्यांतल्या बायका पावासाठी काम बंद करून बाहेर पडल्या. १२ तारखेला व्होलिन्स्की रेजिमेंटच्या शिपायांनी जमावावर गोळ्या झाडण्याचे नाकारून बंड केले आणि तीनच दिवसांत झारने, म्हणजे रशियाच्या सम्राटाने, राजत्याग केला. आपल्याकडेही कामगार संघटित होते, गांधीजींच्या अटकेने संताप शिगेला पोहोचला होता. मात्र लष्कर सरकारच्या हुकमातच राहिले. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली.

प्रश्नकर्ता
मग २०२२ च्या श्रीलंकेला काय म्हणावे? तिथे तर राष्ट्राध्यक्षालाच देश सोडून पळावे लागले.

उत्तर (साखर पेठ)
परकीय चलन संपले, पेट्रोलसाठी मैलभर रांगा लागल्या आणि जुलैमध्ये जमाव राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरला, हे खरेच. तरीही पुढचा राष्ट्राध्यक्ष त्याच संसदेने निवडला. त्यामुळे मी त्याला सत्ताबदल म्हणेन, क्रांती म्हणणार नाही.