समोरच्या टॉवरला पाणी कुठून येणार?

सेक्रेटरी: आज टँकर दोनच मिळाले. पाणी सकाळी 6 ते 7:30 आणि रात्री 8 ते 9. गाड्या पाईपनं धुऊ नका, कळकळीची विनंती.

ए-302: दादा, बोअरचं काय झालं?

सेक्रेटरी: काकू, सात-आठ मिनिटं चालते की मोटर हवा ओढायला लागते. खाली सगळा काळा पाषाण, भेगांत मुरेल तेवढंच पाणी. शेजारच्या सगळ्या सोसायट्यांचे बोअर त्यावरच.

सी-701: आणि समोर 22 मजली टॉवर चढतोय. 176 फ्लॅट.

ए-504: सर, लोकांनी मग घरं घ्यायचीच नाहीत का? माझी बहीण तिथेच बुक करतेय. आपणही असेच आलो ना इथे?

सी-701: ताई, घर घेऊ नका असं नाही म्हणत. पण हिशेब बघा. माणशी 135 लिटर, घरटी चार माणसं धरली तर त्या एका इमारतीला रोज 95 हजार लिटर. दहा हजारी साडेनऊ टँकर, रोजचे! खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तरी साठा 29 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. पुणे शहरात 2017 ला 11 गावं आली, 2021 ला आपल्यासकट 23. या चार धरणांचा साठा तेवढाच. आधी पाणी दाखवा, मग मजले चढवा, एवढंच माझं म्हणणं.

बी-403: त्याच पाण्यावर आमची इंदापूरची शेती आहे. रान कालव्याच्या टेलला, अगदी शेवटच्या टोकाला. उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्याला सोडायचं पाणी, लांबलं की वडील रोज संध्याकाळी कालव्यावर जाऊन बघून येतात. इथे टँकर मागवताना मला ते आठवतं.

ए-302: 😔

सी-701: ताई, बहिणीला करारनामा नीट वाचायला सांगा. माझ्यात लिहिलंय, महापालिकेचं पाणी येईपर्यंत सोसायटीनं आपली सोय करावी. मी वाचूनच सही केली होती, वाटलं वर्षभराचा प्रश्न असेल. सहा वर्षं झाली. दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये टँकर भरतोय.

सेक्रेटरी: रविवारी 11 वाजता मीटिंग, क्लब हाऊसमध्ये. समोरच्या बांधकामाला पाणी कुठून धरलंय, हे लेखी मागायचं पत्र तयार आहे. सह्या लागतील.

ए-504: बहिणीनं मसुदा पाठवला. पान 31. तेच वाक्य आहे, सर. शब्दसुद्धा तेच.

ए-504: रविवारी तिला घेऊन आले तर चालेल?

सी-701: जरूर आणा. ते पानही घेऊन या.