मंडईतील खाद्यपदार्थ जवळून टिपण्यासंबंधी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार.

पुढील महिन्यात गोव्यातील म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाणार असून तेथील चोरिसाच्या (डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजच्या) माळा, सुकी मासळी आणि टोपल्यांतील मिरच्या अगदी जवळून टिपण्याची इच्छा आहे. सराव म्हणून सध्या सकाळी क्रॉफर्ड मार्केट आणि दादरची मंडई येथे जातो. परंतु छायाचित्रे मनासारखी येत नाहीत.

माझ्याकडे १०० मिलिमीटरची मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स आहे. एफ/२.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र मोठे ठेवल्यास, डाळिंबाचा एखादाच दाणा स्पष्ट येतो व शेजारचे धूसर होतात. छिद्र लहान करून एफ/११ वर गेले, तर छपराखालच्या अपुऱ्या उजेडात शटरचा वेग इतका मंदावतो की हाताची थरथर चित्रात उतरते, आणि त्या गर्दीत तिपाई उभी करणे म्हणजे हमालांचा रोष ओढवून घेणे. अशा वेळी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा, की थोडे मागे सरून टिपावे आणि नंतर चित्र कापून घ्यावे?

दुसरी अडचण रंगांची आहे. निळ्या ताडपत्रीखाली ताजे पापलेटही शिळे भासते. पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवण्याची कॅमेऱ्यातील सोय) ठरवून पाहिला, तरी एका बाजूने ऊन आणि दुसऱ्या बाजूने दिवा असला की हिशेब चुकतोच. (एलईडी दिव्यांमुळे उमटणारे पट्टे मात्र शटर १/१०० सेकंदावर ठेवल्यापासून गेले.)

मासळीवाल्या मावशींना आधी विचारतो, पावशेर करंदीही घेतो. त्यामुळे परवानगीची अडचण नाही. फ्लॅशने मासळीचे खवले पांढरे चमकतात, म्हणून तो टाळतो. प्रवासात सहज नेता येईल असा लहान परावर्तक किंवा दिवा कोणी वापरला असल्यास कृपया अनुभव कळवावा.